निळं झाकण, पांढरं झाकण

५ जानेवारी

पिटुकलीस,

सुरुवातीला आशीर्वाद लिहायची पद्धत आहे. तो लिहिलेला नाही. विसरले असं समजू नकोस.

तुझी बरणी पोचली. फुटली नाही, सांडली नाही. तिच्याभोवती तू एवढा कापूस गुंडाळला होतास की सोलता सोलता माझी अर्धी सकाळ गेली. तुझ्या बरणीला पांढरं झाकण आहे, माझ्या बरणीला मी निळं लावलंय. एरवी दोन्ही बरण्या सारख्याच, तेव्हा पुढे गोंधळ नको.

हे पत्र मी हौसेने लिहीत नाहीये. मावशीचा हुकूम आहे. म्हणाली, "पोच हाताने लिहून पाठव. आणि तपासणीत काय काय होतंय तेही वेळोवेळी कळव. सख्खी बहीण आहे ती तुझी." सख्ख्या बहिणीने पाच वर्षांत मला एक फोन केलेला नाही, हे मी बोलले नाही. फोन तर मीही केलेला नाही, असं ती म्हणाली असती.

सगळं तुला माहीत आहे, तरी लिहून ठेवते, म्हणजे मागाहून "मला कुणी नीट सांगितलंच नव्हतं" हे तुझं तुणतुणं नको. फुटलेल्या हातांसाठीच्या आपल्या क्रीममध्ये तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवणारं जे मेण होतं, ज्याच्या जिवावर मावशीने हा कारखाना उभा केला, ते बनवणाऱ्यांनी बंद केलं. गोदामात आहे ते उन्हाळ्यापर्यंत पुरेल. तोवर त्या कामाचा दुसरा इमल्सिफायर शोधायचा, नाहीतर कढया धुऊन पालथ्या घालायच्या. मी समोर बसलेली असताना मावशीने फोन उचलला आणि तुला सांगितलं, "तूही एक क्रीम करून पाठव." समोर बसलेली असताना! जिची क्रीम टिकेल तिला मावशीची खुर्ची. मावशी म्हणते, मी आता दमले.

आई गेल्यावर मावशी आपल्या दोघींना घेऊन आली तेव्हापासून मी याच आवारात आहे. तू सामान बांधून मोठ्या कंपनीत गेलीस, मी ओव्हनचं दार उघडत आणि लावत राहिले. आणि आता परीक्षा दोघींची. बरं तर बरं. तपासणी विभागात माझ्याशिवाय कुणी नाही, म्हणजे परीक्षा देणारी मी आणि पेपर तपासणारीही मीच. हसू नकोस. काट्यावर तोलून न्याय करीन.

नियम नेहमीचाच: घटक आणि त्यांचं प्रमाण कागदावर लिहून द्यायचं, कृती द्यायची नाही. कृती जिची तिच्या हातात, निवड होईपर्यंत. तुझा कागद मिळाला. अक्षर अजून तसंच गिचमिड आहे.

तपासणी विभाग


१९ जानेवारी

पिटुकलीस,

पहिले निष्कर्ष कळवते. मनाला लावून घेऊ नकोस.

तुझी क्रीम बरणीत थरथरते. बरणी टेबलावर ठेवली की सगळी एकदम हलते, जेली असावी तशी. माझी ढिम्म हलत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली तुझे तेलाचे थेंब पाहिले. लहानमोठे, कसेही पसरलेले, कांजिण्या आल्यासारखे. माझे थेंब बारीक आणि एकसारखे. कढईवर काम करणाऱ्या काकूंना मुद्दाम बोलावून दाखवलं. त्या म्हणाल्या, "मला दोन्हीकडे गोल गोलच दिसतंय." त्यांना काय कळतंय म्हणा.

ऑलिव्हच्या तेलापासून केलेला तुझा तो इमल्सिफायर दिसायला गोंडस आहे, नावही ऐकायला बरं वाटतं. पण आपल्याला नाव विकायचं नाही. ही क्रीम कुणाच्या तरी खिडकीत उन्हात पडणार, कुणाच्या गाडीत तापणार, कुणी फ्रिजमध्ये ठेवणार. तिथे नाजूकपणा कामाचा नाही. तेल-पाणी धरायला मी बाजारातली नेहमीची स्टिअरेटची जोडी घेतली आहे. तीस वर्षं लोक वापरतायत, कुणाची तक्रार नाही. फक्त जाडी देणारं मेण या खेपेला जरा कमी केलंय. का ते विचारू नकोस.

दोन्हींतली थोडी थोडी क्रीम लहान बरण्यांत काढून एकेक पंचेचाळीस अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवली आहे. एकेक फ्रिजमध्ये, एकेक साध्या फळीवर. शिवाय बर्फाची कसोटी चालू केली: एक दिवस गोठवायची, एक दिवस बाहेर काढून वितळू द्यायची, पुन्हा गोठवायची. तिथे भल्याभल्यांचं पाणी सुटतं.

तुझ्या क्रीमसाठी मला वाईट वाटतंय असं खोटं लिहिणार नाही.

तपासणी विभाग


१६ फेब्रुवारी

पिटुकलीस,

तुझी क्रीम अजून उभी आहे.

ओव्हनमध्ये उभी आहे, फ्रिजमध्ये उभी आहे, बर्फातून बाहेर आली तरी जशीच्या तशी. मी ती माझ्या क्रीमपेक्षा दोन वेळा जास्त गोठवली. वाटलं, होऊन जाऊ दे एकदा. काही झालं नाही. गरगर फिरवणाऱ्या यंत्रात घातली, ज्यात महिन्यांची झीज काही मिनिटांत होते. बाहेर काढली तर वर तेल नाही, खाली पाणी नाही. हाताला लावून पाहिली. बोटावर घेतली की जड वाटते, आणि हातावर नेली की पाण्यासारखी पसरते आणि मुरते. मागे पांढरे पट्टे राहत नाहीत. हे सगळं तुला माहीतच असणार, तू ते मुद्दामच तसं केलेलं असणार.

माझ्या बरणीचं विचारशील. चालू आहे तपासणी. मधे ओव्हनचं तापमान जरा वरखाली झालं होतं, त्यामुळे आत्ताच काही म्हणणं योग्य नाही.

आज सोमवार. सोमवार मला आवडत नाही, कारण रविवारी तुमचा दोघींचा फोन होतो आणि सोमवारी मला तो सबंध ऐकावा लागतो. पिटुकलीने नवीन प्रयोगशाळा मांडली. पिटुकलीला सगळे विचारून करतात. पिटुकलीचा खोकला अजून गेला नाही, बिचारी एकटी आहे. मी इथे तापाने फणफणले होते तेव्हा मावशी दारातून म्हणाली, "उद्या येशील ना? ओव्हन बघायला कुणी नाही."

तुला वाटेल, ताईचं नेहमीचंच, जळतेय नुसती. हो, जळतेय. आज लिहूनच टाकते. तुझा जाडसर चष्मा फोटोत पाहिला तरी माझ्या अंगाचा तिळपापड होतो. तू गेलीस म्हणून तुझी आठवण निघते. जेवताना तुझी खुर्ची रिकामी दिसते, म्हणून तुझं नाव निघतं. माझी खुर्ची कधी रिकामीच नसते, मग माझं नाव कोण आणि कशाला काढणार? लहानपणी मावशी म्हणायची, तोंडावर कौतुक केलं की माणूस कामातून जातं. माझ्या बाबतीत तिने तो नियम आजवर मोडलेला नाही. मी काही केलं की जास्तीत जास्त "बरं आहे".

आणि कळायचंच असेल तर कळू दे: जाडी देणारं मेण मी कमी केलं, कारण तू इथे होतीस तेव्हा सगळे म्हणायचे, धाकटीची क्रीम हलकी, थोरलीची जड. मला एकदा तरी हलकी करायची होती.

हे पत्र मी पाठवणार नव्हते. पण काकू टपाल घेऊन निघाल्या आणि मी पाकीट बंद करून बसले होते. गेलं तर गेलं.

ताई


९ मार्च

पिटुकलीस,

निकाल लागला. मावशीने निळं झाकण निवडलं.

कसं झालं ते सांगते, कारण तू तिला विचारशीलच. काल दुपारी तिने मला वर तिच्या खोलीत बोलावलं. मी दोन्ही बरण्या घेऊन जिना चढून गेले आणि टेबलावर ठेवल्या. माझे निष्कर्ष तिने वाचले नाहीत, कधीच वाचत नाही, म्हणते चष्मा सापडत नाही. तिने आपली नेहमीची तपासणी केली. एकेक बरणी उजेडात धरली, उलटी केली, तळाला आणि काठाला तेलाची रेघ दिसते का पाहिलं. मग बोटाने घेऊन मनगटावर चोळली, वर पातळ कागद दाबला, आणि कागदावर तेलाचा डाग किती पसरतो ते बघत बसली.

पांढरं झाकण तिने लगेच बाजूला सारलं. काठाला तेलाचं कडं आलं होतं. निळ्या झाकणाची क्रीम मात्र तिने तीनदा लावली. तीनदा! मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "बरी आहे." आणि थोड्या वेळाने, "खुर्चीला या महिन्यात नवीन गादी शिवून घे तुझ्या मापाची."

तर असं आहे. हरलीस म्हणून मनाला लावून घेऊ नकोस. मोठ्या कंपनीत काय, सगळं यंत्रंच करतात. इथे हात लागतो.

ताई


१४ मार्च

पिटुकलीस,

तुझं उत्तर आलं नाही. रागावली असशील. असो.

सहज एक आठवलं म्हणून विचारते, कामाचं काही नाही. तुझ्या त्या ऑलिव्हच्या इमल्सिफायरला तू किती तापवतेस? म्हणजे तेल आणि पाणी दोन्ही सारखंच तापवून एकत्र करतेस, की पाणी जरा गार ठेवतेस? नुसती उत्सुकता. तपासणी विभागाच्या ज्ञानात भर. उत्तर नाही दिलंस तरी चालेल, पण दिलंस तर लवकर दे.

मावशीने कामाला सुरुवात करायला सांगितलंय. मोठी कढई घासून ठेवली आहे.

ताई


२२ मार्च

पिटुकले,

फुटली.

मोठ्या कढईतली पहिलीच खेप फुटली. सकाळी झाकण काढलं तर वर तेलाचा पिवळा थर, खाली पातळ दुधासारखं पाणी. काकूंनी आत वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "ताई, हे तर ताक झालं." सगळ्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी म्हटलं, हसायला काय झालं, कामाला लागा.

मी काहीही चुकवलं नव्हतं. तेल पंचाहत्तरला, पाणी पंचाहत्तरला, एकत्र केलं, मोठी घुसळणी चालू केली आणि आपण नेहमी घुसळतो तशी कढई पार गार होईपर्यंत घुसळत राहिले. मावशीने आपल्याला हेच शिकवलंय ना? गार होईपर्यंत हात थांबवायचा नाही. दोन बाया घाम पुसत आळीपाळीने उभ्या होत्या. तरी फुटली. पुन्हा केली, आणखी जोरात घुसळली. पुन्हा फुटली.

मावशी खाली आली होती. कढईत बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "तुझ्या बरणीत तर छान होती गं." मी कढईच्या काठावरचं तेल पुसत राहिले.

तू विचारशील, ताई, ही तुझी क्रीम, मग तुला कशी जमत नाही? विचारू नकोस. मला फक्त एवढं सांग: घुसळणं कधी थांबवायचं? पिटुकले, पाया पडते. पुढच्या आठवड्यात पहिला माल जायचाय, आणि जुनं मेण आता कढईच्या तळाला लागेल एवढंच उरलंय.

ताई


३१ मार्च

पिटुकले,

तुझं पाकीट मिळालं. आत दोन कागद होते. पहिल्यावर अख्खी कृती, एकही गोष्ट न लपवता, तुझ्या त्या गिचमिड अक्षरात. "गरम असताना थोडा वेळ जोरात घुसळ, मग घुसळणी काढून घे. हलक्या हाताने ढवळ, कोमट झाली की तेही थांबव. त्यानंतर दोन दिवस तिला हात लावायचा नाही. पातळ दिसली तरी नाही. ती आपली आपण घट्ट होते. ताई, तुला हे सगळ्यात अवघड जाईल." खरंच गेलं. तिकडे बसून तुला कसं कळलं की मी दर तासाला झाकण उघडून बघणार? काकूंनी शेवटी कढईच्या खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचून फिरल्या.

दोन दिवसांनी कुलूप काढलं. क्रीम उभी होती. बोटावर जड, हातावर पाण्यासारखी. सगळ्या बायांनी आपापल्या फुटलेल्या टाचांना लावून घेतली, मी कुणाला ओरडले नाही.

दुसऱ्या कागदावरच्या चार ओळी मी इतक्या वेळा वाचल्या आहेत की इथे न बघता लिहू शकते. "ताई, रविवारी मावशी फोनवर तुझ्या क्रीमबद्दल सांगत होती. कशी पसरते, कशी मुरते, मागे पट्टे कसे राहत नाहीत. मी ओळखली. पाच वर्षं दर रविवारी ती मला फक्त तुझंच सांगते. ताईने हे केलं, ताईने ते निभावलं, ताईशिवाय इथलं पान हलत नाही. फोन ठेवला की माझ्या पोटात दुखतं. या खेपेला पहिल्यांदाच दुखलं नाही, कारण क्रीम माझी होती."

आधी मला तुझा भयंकर राग आला. ओळखलंस, आणि तरी गप्प बसून कृती पाठवलीस! असला मोठेपणा दाखवतेस म्हणूनच तू मला कधी सहन होत नाहीस. मग मी ओव्हनच्या खोलीत जाऊन बसले आणि रडले. पाच वर्षं मी सोमवारी तुझ्यावर जळायची, आणि रविवारी तू माझ्यावर! मावशीने आपल्या दोघींना काय समजून ठेवलंय?

झाकणं मी जिन्यात बदलली. वर जाता जाता, मधल्या वळणावर, जिथे खिडकी आहे. माझ्या क्रीमला फेब्रुवारीतच तेलाचं कडं आलं होतं. ओव्हनचं तापमान वरखाली झालं वगैरे सगळी थाप. ओव्हन माझा आहे, त्याचं तापमान काडीभर हलत नाही.

आज सकाळी मावशीकडे गेले आणि तिला हेच सगळं सांगितलं, तुला लिहिलं त्यापेक्षा कमी शब्दांत. ती पाय वर घेऊन खुर्चीत बसली होती. तिने पाय खाली घेतले. मग म्हणाली, "तुझी बरणी आण."

मी आणली. तिने ती उजेडात धरली, कडं बघितलं. "जाडीचं मेण कमी घातलंस."

"हो."

"अशी चूक तू करणारी नाहीस. का घातलंस कमी?"

"तिच्यासारखी हलकी व्हावी म्हणून."

मावशीने बरणी खाली ठेवली. पदराने उगीचच टेबल पुसलं. "खुर्ची तिची," म्हणाली. "पत्र लिहून बोलाव तिला. आणि ओव्हनकडे तूच राहशील. ती वेंधळी आहे, दार उघडं टाकते." एवढं बोलून तिने फोन जवळ ओढला आणि मला म्हणाली, "तू बाहेर जा. दार लावून घे."

मी दार लावलं. खाली काही गेले नाही. दाराशी उभी राहिले, या वयात, कान लावून. दार जाड आहे. मावशी बोलत राहिली, खूप वेळ. एकदा तिचा आवाज घोगरा झाला, एकदा हसली. मधेच "ताईने" एवढं ऐकू आलं, मग "नाही गं, स्वतःहून," आणि पुढचं काही कळलं नाही. बाहेर आली तेव्हा मला बघून म्हणाली, "इथे काय करतेस? कामं नाहीत का?"

तर ये. खुर्ची पुसून ठेवली आहे. नवीन गादी मी काढून घेतली, ती माझ्या मापाची होती. मला अजूनही वाईट वाटतंय, खोटं लिहीत नाही. तू त्या खुर्चीत बसलीस की पहिले काही दिवस माझं तोंड वाकडंच असेल, तिकडे लक्ष देऊ नकोस. आणि तो चष्मा नसता घातलास तर बरं.

पण येण्याआधी एक काम कर. दाराआड मावशी माझ्याबद्दल काय म्हणाली ते मला लिहून कळव. सगळं. वाईट असेल तर तेही, एक शब्द गाळू नकोस. तुझ्याबद्दलचं पाच वर्षांचं माझ्यापाशी साठलंय, सगळ्या सोमवारांचं. ते मी लिहिणार नाही. तू आलीस की समोर बसवून, तोंडावर सांगणार आहे.

पहिल्या पत्रात राहिलेला आशीर्वाद इथे घे.

तुझी
ताई